शाळेच्या दोन खोल्या, सत्तावीस चित्रं: गावात समूह चित्रप्रदर्शन कसं भरवावं

आमच्या पहिल्या प्रदर्शनात एका तैलचित्रावर कापूस चिकटला. जागा फुकट मिळाली म्हणून आम्ही डिसेंबरात एका जिनिंगचं रिकामं गोदाम घेतलं होतं. उंच, मोकळ्या भिंती, वर पत्रे, मधे एकही खांब नाही. पण बाजूच्या शेडमध्ये कापसातली सरकी काढणारे रेचे चालू होते आणि हवेत रुईची बारीक लव तरंगत होती. ज्या मुलीचं ते चित्र होतं तिने ते दहाच दिवसांपूर्वी संपवलं होतं. रंग जाड होता, आतून ओलाच होता. रात्री बारापर्यंत ती चिमट्याने एकेक तंतू काढत बसली. तंतू निघाले, पण आकाशाचा गुळगुळीत भाग खरवडला गेला तो गेलाच.

त्यानंतर आम्ही आणखी काही प्रदर्शनं भरवली, सगळी विदर्भात, तालुक्याच्या नाहीतर बाजाराच्या गावात. हा लेख पाच-सात नव्या चित्रकारांसाठी आहे. नागपूरच्या दालनाचं भाडं परवडत नाही, तारीख मिळत नाही आणि चित्रं घरी कपाटामागे उभी आहेत, अशांसाठी.

"गावात चित्रं पाहायला येणार कोण?" हा प्रश्न तुम्हाला घरचेच विचारतील. चिमूटभर रुई बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस तुमच्या गावात आहे. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान पाहून हे तुडतुड्या किडीचं काम की लाल्या रोग, हे बांधावरून सांगणारी बाई आहे. या लोकांची नजर तयार आहे. त्यांच्या वाटेवर आणि त्यांच्या सवडीला चित्रं ठेवणं हे आपलं काम. पुढचं सगळं मी याच हिशेबाने सांगतो आहे.

1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्याच्या सहा संस्थापकांपैकी ह. अं. गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, शंकरपटाच्या गावचे. त्यातलेच सय्यद हैदर रझा जन्माने मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडचे, पण त्यांचं चित्रकलेचं पहिलं शिक्षण नागपूरच्या चित्रशाळेत झालं. एकट्याने दार उघडत नव्हतं म्हणून ते सगळे एकत्र आले. गावातल्या पोराला ही गोष्ट सांगा, ती त्याला माहीत नसते.

माणसं आणि चित्रं

पाच ते आठ जण पुरे. चारच असले तर खर्च आणि धावपळ झेपत नाही. दहाच्या वर गेले की कोणाची चित्रं कुठे, यावरच बैठका संपतात.

शोधताना फक्त कॉलेजकडे पाहू नका. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून लग्नानंतर ब्रश ठेवून दिलेल्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. शाळेत तासावर जाणारे कलाशिक्षक आहेत. दुकानाच्या पाट्या रंगवणारे पेंटर आहेत, फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या हाताला काम कमी झालंय. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-ब्रह्मपुरीकडे, नाटकाचे पडदे रंगवणारे हात आहेत. अशा माणसाला "तुमच्या मनचं एक चित्र काढा" म्हटलं की पहिले आठ दिवस तो काहीच काढत नाही. थांबा. नवव्या दिवशी जे येतं ते पाहण्यासारखं असतं.

निवडीचा नियम पहिल्याच बैठकीत ठरवा आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आमचा नियम साधा आहे: दुसऱ्याच्या फोटोवरून किंवा मोबाइलवर सापडलेल्या चित्रावरून उतरवलेलं काम नको. हात कितीही सफाईदार असो. यामुळे एकदा चांगला मित्र रुसला होता, पण ही रेघ पुसली तर प्रदर्शनात सगळीकडे तोच घोडा, तीच राजस्थानी बाई आणि तोच सूर्यास्त दिसू लागतो.

प्रत्येकाने आठ चित्रं आणावीत, त्यातली चार-पाच लागतील. सगळी चित्रं एका खोलीत भिंतीला टेकवा, सह्यांवर कागदाची पट्टी चिकटवा आणि दुसऱ्या तालुक्यातला एक जाणता कलाशिक्षक बोलवा. मतं चिठ्ठीवर. स्वतःच्या चित्राला मत द्यायचं नाही. निवड दिवाळीच्या आसपास उरका. प्रदर्शन जानेवारीत धरलं तर मधे अडीच महिने मिळतात आणि तेवढ्यात तैलरंग बऱ्यापैकी वाळतो. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड थराला महिने लागतात. कापूस चिकटलेल्या चित्रानंतर आम्ही ठरवलं, दिवाळीनंतर संपवलेलं तैलचित्र त्या वर्षी लावायचं नाही.

तारीख

आपल्याकडे ही गोष्ट जागेइतकीच महत्त्वाची आहे. पावसाळ्यात कागद फुगतो, जलरंगाच्या चित्रामागे बुरशी धरते. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा पत्र्याखाली माणूस दहा मिनिटं उभा राहत नाही आणि अॅक्रिलिक रंग मऊ पडून कागदाला चिकटतो. ऑक्टोबरात सोयाबीनची घाई, पूर्वेकडे नोव्हेंबरात धानाची कापणी. कापूस वेचणी तर दिवाळीपासून पुढे चालूच असते, म्हणजे दिवसा गाव वावरात.

म्हणून मी जानेवारीचा शेवटचा आठवडा सांगतो. 26 जानेवारीला सकाळी झेंडावंदनाला अख्खं गाव शाळेत येतंच. पोरं, त्यांच्या आया, सरपंच, अंगणवाडीताई, म्हातारे. झेंडा झाला, खाऊ वाटून झाला की लोक आपोआप खोल्यांकडे वळतात. 25 ला संध्याकाळी उघडायचं आणि 28 पर्यंत ठेवायचं. आठवडी बाजार त्यात येत असेल तर सोन्याहून पिवळं. वेळ सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. दुपारी दार लावून जेवा, झोपा. शहरातल्या दालनाची अकरा ते सात ही वेळ इथे उपयोगाची नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. तारीख त्यात बसत असेल तर एक संध्याकाळ फक्त बायांसाठी ठेवा, तीळगूळ द्या. आम्ही आमंत्रणात "गावातल्या सगळ्या बाया" असं स्पष्ट लिहिलं आणि घरोघर जाऊन सांगितलं, कारण विधवा बाया एरवी अशा ठिकाणी मागे राहतात. त्या संध्याकाळी आल्या त्यांतल्या दोघींनी जितका वेळ एकेका चित्रापुढे घालवला, तितका मी नागपुरातसुद्धा कोणाला घालवताना पाहिलेलं नाही.

निवडणुकीचं वर्ष असेल तर आचारसंहिता आधी तपासा. शाळेची खोली ऐन वेळी मतदान केंद्राला जाऊ शकते.

जागा आणि परवानगी

जिल्हा परिषद शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह, मंगल कार्यालय, हे चार पर्याय बहुतेक गावांत असतात. मंगल कार्यालय महाग आणि त्याच्या भिंती भडक. समाजमंदिर छान, पण ते एका समाजाचं मानलं जात असेल तर बाकीचे लोक उंबरा ओलांडायला कचरतात. आमंत्रणाने तो संकोच जात नाही. शाळा सगळ्यांची. मी शाळाच घेतो.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या, एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला, एक ग्रामपंचायतीला. त्यात तारखा, वेळा, कोणत्या खोल्या, वीज किती लागेल, भिंतीला खिळा ठोकणार नाही आणि साफसफाई करून देऊ, हे सगळं लिहा. समितीच्या बैठकीला स्वतः जा आणि दोन चित्रं सोबत न्या. कागदापेक्षा चित्र पाहून लोक लवकर होकार देतात. लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी, आणि रात्री दहानंतर तो बंद. खरं तर लाउडस्पीकर लावूच नका.

भिंती: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जिल्हा परिषद शाळेच्या भिंती बोलक्या असतात. बाराखडी, पाढे, ऋतुचक्र, महाराष्ट्राचा नकाशा. पोरांसाठी उत्तम, पण अशा भिंतीवर चित्र टांगलं की ते बेपत्ता होतं. त्यावर उपाय मांजरपाट. बिनरंगाचा, किंचित पिवळसर, न धुतलेला जाड मांजरपाट भिंतीपुढे पडद्यासारखा ताणून लावला की शांत पार्श्वभूमी मिळते. तो धुतला की आटतो, म्हणून आधी धुऊ नका. सुरकुत्या पाण्याचा फवारा मारून ताणल्या की जातात.

बिछायत केंद्रवाला तुम्हाला गुलाबी-पिवळ्या चुण्यांचा कपडा देऊ करेल, प्रेमाने देईल. घेऊ नका. त्या कपड्यावरून परतणारा उजेड चित्रावर पडतो आणि पांढरा रंग गुलाबी दिसतो. बाहेर मांडव घालणार असाल तर वरचं कापडही पांढरंच मागा. लाल कापडातून गाळलेल्या उन्हात एकही चित्र खरं दिसत नाही. त्याच्याकडून बांबू, सुतळी, टेबलं आणि सतरंज्या मात्र जरूर घ्या.

रचना अशी करायची. भिंतीपासून वीतभर अंतरावर, खोलीच्या लांबीचा एक आडवा बांबू साधारण सात फुटांवर बांधा. त्याला दर सहा फुटांवर उभा बांबू द्या आणि तो खाली रेती भरलेल्या डब्यात रोवा. मांजरपाट मागे, बांबू पुढे. चित्राच्या चौकटीला मागून, वरून एक तृतीयांशावर, दोन बाजूंना दोन कड्या बसवा आणि दोन्ही कड्यांतून स्वतंत्र नायलॉन दोरी बांबूला बांधा. एकाच दोरीवर टांगलेलं चित्र वाऱ्याने तिरकं होतं, दिवसभर कोणीतरी ते सरळ करत बसतं. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे चित्र सरकत नाही आणि मागे हवाही खेळते.

दालनात चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर धरतात. आपल्याकडे पाहणाऱ्यांत शाळकरी पोरं निम्मी. मी 54 इंच धरतो. मोजताना चित्राचा मध्य धरा, वरची कड नव्हे. लहान-मोठी चित्रं असली तरी मध्यरेषा एक राहिली की भिंत नीट दिसते.

किती चित्रं मावतील याचा हिशेब रनिंग फुटात करा. वीस बाय वीसची खोली म्हणजे चार भिंती मिळून 80 फूट. दार, खिडक्या, फळा आणि कपाट वजा जाता हाती 45 उरतात. दोन खोल्यांचे 90. सरासरी चित्र दोन फूट रुंद आणि दोन चित्रांत सव्वा फूट मोकळी जागा, म्हणजे एका चित्राला सव्वातीन फूट. 90 भागिले 3.25, सत्तावीस चित्रं. अठ्ठाविसावं लावायचा मोह होईल. लावू नका.

कोणतं चित्र कुठे, हे आदल्या दिवशी जमिनीवर मांडून ठरवा. एकाची सगळी चित्रं एकत्र ठेवावीत की मिसळावीत यावर आमच्यात दर वर्षी वाद होतो. माझं मत एकत्र ठेवावीत. पाच चित्रं शेजारी पाहिली की त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते पाहणाऱ्याला उमगतं. दारासमोर सगळ्यात मोठं चित्र नको. तिथे ओळखीचा विषय असलेलं, थोडं शांत काम लावा, आणि सगळ्यात धीट, अमूर्त चित्र दुसऱ्या खोलीत, जिथे माणूस रुळलेला असतो.

उजेड

खिडकीतून सरळ ऊन पडतं त्या भिंतीवर जलरंग लावू नका, चार दिवसांचं ऊनही फिक्या रंगाला पुरतं. खिडक्यांना तोच मांजरपाट लावा. काचेच्या चौकटीत समोरची खिडकी दिसते, म्हणून काचेची चित्रं खिडकीच्याच भिंतीवर घ्या.

शाळेतल्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा उजेड माणसाच्या कातडीचा रंग मारून टाकतो. 12 वॅटचे एलईडी दिवे घ्या, खोक्यावर 4000 के (उजेडाची छटा) आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त लिहिलेले. तालुक्याला नाही मिळाले तर अमरावती-नागपुरातून मागवा. एवढा एक खर्च वाचवू नका. दोन चित्रांना एक दिवा, चित्रापुढे वर बांधलेल्या आडव्या बांबूवरून, उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांत तिरका. तो सरळ समोरून मारला तर तैलरंगावर चकाकी येते.

सत्तावीस चित्रांना चौदा दिवे, म्हणजे 168 वॅट. घरगुती इन्व्हर्टरवर 150 एएचची चांगली बॅटरी असली तर संध्याकाळचे चार तास सहज निघतात. वीज जाणारच आहे असं धरूनच चला. जोडण्या गावातल्या वायरमनकडून करून घ्या, उघड्या वायरी टेपने झाका आणि मांजरपाटाला दिवा टेकणार नाही हे रोज पाहा. दाराशी रेतीच्या दोन बादल्या असू द्या.

चित्रं आणताना

छोटा हत्ती ठरवा आणि चित्रं उभी ठेवा, आडवी एकावर एक नकोत. तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मधे पुठ्ठा, बाजूंनी गोधड्या. रंगाच्या पृष्ठभागाला आधी बटरपेपर, मगच बबलचं प्लास्टिक, तेही फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले तर अॅक्रिलिकवर गोल गोल ठसे उमटतात. प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो काढा. आधीचा ओरखडा कोणता आणि वाटेत पडलेला कोणता, यावरून नंतर मनं दुखावतात.

पाट्या, किमती, विक्री

चित्राशेजारच्या चिठ्ठीवर चित्रकाराचं नाव, गाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष. मराठीत, हातभरावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. गावाचं नाव विसरू नका. "आपल्याच तालुक्यातली पोरगी हाय" हे कळल्यावर लोक परत मागे येऊन चित्र पाहतात. खाली दोन ओळी लिहायच्या तर चित्रकाराने कुठे, कशापासून सुरुवात केली ते लिहावं. जाणिवा, अवकाश, द्वंद्व असले शब्द काढून टाका.

किंमत चिठ्ठीवर नको, टेबलावरच्या यादीत असू द्या. भिंतीवर आकडा दिसला की बोलणं आकड्याचंच होतं. किंमत ठरवताना चौरस इंचाचा दर धरा. 24 बाय 30 म्हणजे 720 चौरस इंच. दर 6 रुपये धरला तर 4320, वर कॅनव्हास, रंग, चौकटीचा खर्च. सगळ्यांनी एकच दर धरायची गरज नाही, पण एकाच चित्रकाराचा दर गावात एक आणि शहरात दुसरा असू नये. सोबत छापील प्रती ठेवा, वीस-तीस रुपयांच्या. मूळ चित्र घेणारे मोजके असतात. प्रत मात्र शाळकरी पोरगंही नेतं, आणि ती वर्षानुवर्षं देवघराशेजारी दिसते.

विकलेल्या चित्राला लाल टिकली लावा, निम्मे पैसे आधी घ्या, पावती द्या, चित्र शेवटच्या दिवशी सोपवा. पावतीवर एक ओळ छापा: चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहतो. 1957 च्या कायद्याप्रमाणे तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. मात्र कोणी पैसे देऊन स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घेतलं असेल तर वेगळा करार नसल्यास तो काढून घेणाऱ्याचा असतो. विक्रीतले दहा टक्के सामाईक खात्यात टाका. सुरुवातीची वर्गणी सगळ्यांची सारखी ठेवा. सहा जणांनी प्रत्येकी 2000 दिले की 12,000 जमतात, आणि चारचौघांसमोर रोज हिशेब वाचला की कुजबुज होत नाही.

उद्घाटन

पाहुण्याची वाट पाहत दीड तास थांबलेली गर्दी घरी जाते, हे एकदा पाहिलं ते पुरे. आता आम्ही शाळेतल्या एका मुलीच्या हातून दार उघडतो, भाषणं मिळून वीस मिनिटं, मग दिवे लावायचे. फ्लेक्स एकच, त्यावर चित्रकारांची नावं. मानपानाचे फोटो चित्रांपेक्षा मोठे झाले की लोक फोटोच पाहतात.

चित्राशेजारी उभं राहणं

दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. प्रत्येक खोलीत एक चित्रकार हवाच, मोबाइल खिशात ठेवून. माणूस थांबला की लगेच समजावू नका. त्याला पाहू द्या. मग विचारा, "काका, तुम्हाला काय दिसते?" एका अमूर्त चित्रापुढे, काळ्या-तपकिरी पट्ट्या आणि त्यांत पांढऱ्या रेघा, एक म्हातारे शेतकरी बराच वेळ थांबले. आमचा चित्रकार अवघडून बाजूला उभा होता. म्हातारे म्हणाले, "हे त उन्हाळ्यातलं वावर हाय बापू. पण तू भेगा पांढऱ्या काहून केल्या? भेगेत अंधार रायते." त्या पोराने पुढच्या वर्षी भेगा काळ्या करून पाहिल्या, मग पुन्हा पांढऱ्या केल्या, आणि या वेळी त्या का पांढऱ्या हे त्याला सांगता येत होतं.

पोरांना हटकू नका. त्यांना हात लावायचा असतो. म्हणून दाराशी एक कॅनव्हास फक्त हात लावायला ठेवा, एका बाजूला जाड तैलरंग, एका बाजूला पातळ, एका बाजूला कोरा. शेजारी सतरंजीवर कागद आणि खडू. अभिप्रायाची वही ठेवाच, पण ज्यांना लिहायचं नाही त्यांचं बोलणं पाळीवरच्या माणसाने ते गेल्यावर टिपून ठेवावं, त्यांच्याच शब्दांत.

शेवटचा दिवस

28 ला रात्री नऊला दार बंद, आणि त्याच रात्री उतरवायला घ्या. सकाळी घंटा वाजेल तेव्हा पोरं आपापल्या जागी बसायला हवीत. प्रत्येक चित्र आणतानाच्या फोटोशी ताडून पाहा, मगच बांधा. बांधण्याआधी दिवे आहेत तोवर प्रत्येक चित्राचा सरळ, चौकटीशिवायचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाला किंवा नागपूरच्या एखाद्या दालनाला अर्ज करताना हेच फोटो लागतात, आणि घरी जाऊन ते काढू म्हटलं की राहतात. मुख्याध्यापकांना खोल्या दाखवून किल्ली द्या, बांबू मोजून परत करा.

मांजरपाट मात्र विकू नका. तो धुऊन घ्या, आता आटला तर हरकत नाही. उन्हात वाळवा आणि लाकडी चौकटींवर ताणून खिळे मारा. त्यावर पातळ फेविकॉलचा एक हात आणि वाळल्यावर पांढऱ्या अॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर फिरवा. दोन खोल्यांच्या पडद्यांतून सहा जणांचे वर्षभराचे कॅनव्हास निघतात.